खांबा मिस

खांबेटेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या गणपतीची आरती थांबवत होत्या.

आम्ही नुकतेच कोलकात्याला आलो होतो. नवऱ्याची बँकेतली बदली, मुलगी लहान, ओळख कुणाची नाही. कुणीतरी सांगितलं, बालीगंजात मराठी मंडळी गणपती बसवतात, तिकडे जा, निदान मोदक तरी मिळतील. गेलो. आरती सुरू झाली. अर्धे लोक पुण्याच्या चालीने, अर्धे नागपूरच्या, आणि टाळ वाजवणारे एक विमा अधिकारी स्वतःच्या मर्जीने. दुसऱ्या कडव्याला पुढच्या रांगेतली एक बुटकी, गोलमटोल बाई मागे वळली आणि तिने ट्रॅफिक पोलिसासारखा हात वर केला. आरती बंद. अध्यक्षांच्या हातातलं तबक अर्ध्या वर्तुळात थांबलं.

"देव आहे म्हणून काय वाट्टेल ते ऐकून घेईल का तो?" बाई म्हणाल्या. "ते टाळ इकडे द्या. द्या म्हणते ना! हं, आता पहिल्यापासून."

आणि ती सगळी अधिकारी मंडळी, ज्यांच्या सहीशिवाय कुठल्या ना कुठल्या कचेरीतलं पान हलत नसे, मुकाट्याने पहिल्यापासून सुरू झाली.

मोदक खाताना त्या माझ्याजवळ आल्या. "नवीन दिसतेस. काय करतेस?"

मी म्हटलं, पुण्यात शाळेत गणित शिकवत होते.

"मग उद्या आमच्या शाळेत ये. आमची गणिताची बाई पळून गेली."

पळून म्हणजे कुणाचा हात धरून नव्हे, बेंगळुरूला नोकरी लागून, हे मला नंतर कळलं. माझं नाव मीनल आहे, पण कोलकाता सोडेपर्यंत बाईंनी ते कधी वापरलं नाही. भर स्टाफरूममध्ये त्या हाक मारत, "ए गणित, इकडे ये."

शाळेत त्या संगीत शिकवत. पोरं त्यांना 'खांबा मिस' म्हणत. बंगालीतही खांबा म्हणजे खांबच, आणि बाईंची उंची पाहता हे नाव ठेवणाऱ्याला विनोदाची चांगली जाण असली पाहिजे. बाईंना ते ठाऊक होतं. "बरंय," त्या म्हणत, "खांबाला कुणी पाया पडायला येत नाही." पाया पडण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा. गाण्याच्या आधी दिवा लावणं, वाद्याला नमस्कार करणं, डोळे मिटून गंभीर होणं, यातलं काही त्या करू देत नसत. एखादा मुलगा डोळे मिटून गायला लागला की त्याच्या कपाळावर टिचकी बसे. "झोपलास काय मेल्या? मी इथे आहे, इकडे बघ!"

बाई वर्गात इंग्रजी बोलत, हिंदी बोलत, खणखणीत बंगाली बोलत. पण रागवत मात्र फक्त मराठीत. त्यामुळे बालीगंजातल्या त्या शाळेत मेल्या, गाढवा, भोपळ्या, शहाणी आहेस मोठी, अशी शब्दसंपत्ती असलेली बंगाली मुलांची एक पिढी तयार झाली होती. अर्थ कुणालाच माहीत नव्हता. पण गाण्याच्या वर्गातच ऐकू येणारे शब्द म्हणजे काहीतरी गोडच असणार, असा त्यांचा समज होता.

घर बेहाल्याला. खांबेटेसाहेब रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे दोघे पुण्याला जातील. बाई म्हणाल्या, "पुण्याला हिलसा मिळतो का?" विषय संपला. एकारांती आडनावाच्या या बाईंनी कोलकात्यात आल्या आल्या धर्म सोडावा तसा शाकाहार सोडून दिला होता. साहेब मात्र वरणभातावर ठाम. घरात मासा शिजत असला की ते ओला हातरुमाल नाकावर धरून बाल्कनीत शब्दकोडं सोडवत बसत. "आमचा संसार छान चाललाय," बाई सांगत, "वारा बाहेरच्या दिशेला असला की."

अशा बाईंच्या गायनवृंदाला हंगेरीतून आमंत्रण आलं. तिथल्या एका लहानशा गावात निरनिराळ्या देशांतल्या शाळांचे गायनवृंद जमणार होते, शेवटी स्पर्धा होती. शाळेत दिवाळी आणि दुर्गापूजा एकदमच आल्यासारखं झालं. आमच्या प्रिन्सिपल मॅडमनी लगेच बैठक बोलावली. शाळेचं नाव सातासमुद्रापलीकडे जाणार होतं, तेव्हा मुलांनी सबंध भारत दाखवला पाहिजे असं त्यांचं म्हणणं. थोडा भांगडा, थोडा गरबा, थोडी लावणी, मध्ये एक योगासन, शेवटी हातात पणत्या.

"मॅडम, हे गाणं नाही, बुफे आहे," बाई म्हणाल्या.

प्रिन्सिपल मॅडम हसल्या नाहीत. त्या सहसा हसत नसत. शेवटी तडजोड झाली. उद्घाटनाला चौकात बुफे, आणि स्पर्धेला बाईंच्या पसंतीचं एक नावाड्याचं गाणं. नदीवर एकटा नावाडी दूरच्या कुणाला तरी हाक मारतो, तसा सुरुवातीला एक लांब, उंच आलाप, आणि मग हळूहळू बाकीचे आवाज येऊन मिळतात. तो आलाप आठवीतला अर्को घेणार होता. त्या पोराचा आवाज असा की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी फळ्यावर समीकरण अर्धं सोडून खिडकीशी गेले होते. बाई त्याचं तोंडावर कधी कौतुक करत नसत. मला एकदा म्हणाल्या, "गणित, हा गायला लागला की मला माझा स्वतःचा राग येतो. इतकी वर्षं कशाला खरडत बसले!"

पालकांची सभा हा एक वेगळाच प्रयोग झाला. बंगाली आईला मूल हंगेरीला चाललंय म्हणजे सैबेरियात चाललंय असंच वाटत होतं. जून महिना होता, पण प्रत्येक बॅगेत मंकी कॅप भरली गेली. एका वडिलांनी हात वर करून विचारलं, "मिस, माछ पावा जाबे तो?" मासे मिळतील ना?

"मिळतील की," बाई म्हणाल्या. "मोठी नदी आहे तिथे. फक्त ते तुमच्या बायकोच्या हातचे नसतील, तेव्हा पोराला थोडं दुःख सहन करायला शिकवा."

बायको शेजारीच बसली होती. ती इतकी खूश झाली की तिने नंतर बाईंना संदेश मिठाईचा डबा पाठवला.

बरोबर दुसरी शिक्षिका म्हणून बाईंनी मला घेतलं. मी म्हटलं, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. "म्हणूनच," त्या म्हणाल्या. "कळणारी घेतली तर भांडणं होतील. तू फक्त पोरं मोज."

तर मी पोरं मोजत हंगेरीला गेले. ती पोहोचेपर्यंत भरली तेवढीच. गावातल्या शाळेत आमची जेवणाची सोय होती. पहिल्याच दिवशी गार, गुलाबी, आंबट चेरीचं सूप पुढे आलं, त्यात साखर. बाईंनी एक चमचा तोंडात घातला आणि खाली ठेवला. "गोड सूप? गणित, हे लोक बंगाली आहेत." मुलांनी मात्र वाटीवर वाटी मागून घेतली. मंकी कॅप कुणी बाहेर काढली नाही. ऊन आपल्या मार्चसारखं पडलं होतं.

संध्याकाळी नगरपालिकेत स्वागत समारंभ. आपल्या वकिलातीतून एक अधिकारी मुद्दाम आले होते. ते निघाले साताऱ्याचे. बाई पलीकडे कुणाशी तरी बोलत होत्या, म्हणून मी मुलांना सांगितलं, हे साहेब महाराष्ट्रातले, मराठी. झालं. मुलांचे चेहरे उजळले. ऋद्धिमा नावाची आमची नववीतली धीट मुलगी पुढे झाली, हात जोडले, आणि अतिशय आदराने, कमरेत वाकून म्हणाली, "नमस्कार मेल्या. कशे आहात गाढवा?"

साहेबांच्या हातातला केक हातातच राहिला. मागून बाकीच्यांनी आपापल्या परीने भर घातली. कुणी भोपळ्या म्हणालं, कुणी "शहाणी आहेस मोठी." परदेशात इतक्या वर्षांत एवढं मनापासून मराठीत कुणी आपल्याशी बोललं नसेल, असं काहीतरी साहेबांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, दुसरंही काहीतरी दिसत होतं.

"तुम्हाला मराठी कुणी शिकवलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

सगळ्या मुलांनी एकदम बाईंकडे बोटं दाखवली. बाई आल्या, प्रकार त्यांच्या लक्षात आला, आणि त्या जराही न ओशाळता म्हणाल्या, "उच्चार स्पष्ट आहेत ना?"

साहेब हसायला लागले ते थांबेचनात. दुसऱ्या दिवशी ते चौकातला आमचा बुफेही पाहायला थांबले. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वारा सुटला होता. गरब्याच्या ओढण्या भांगड्याच्या पगड्यांत अडकल्या, योगासन करणारा मुलगा त्या गुंत्यात दिसेनासा झाला, आणि पणती एकही पेटली नाही. लोकांनी टाळ्या भरपूर वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच असतं. बाई एका बाजूला आइस्क्रीम खात उभ्या होत्या. इतकं निर्मळ सुख मी त्यांच्या चेहऱ्यावर हिलसा पाहतानासुद्धा पाहिलं नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी तालीम होती. अर्को उभा राहिला, श्वास घेतला, आलाप उचलला, आणि वरच्या सुरावर त्याच्या गळ्यातून जे निघालं ते बेहाल्याच्या मिनीबसने करकचून ब्रेक लावावा तसं होतं. पोरं फिस्सकन हसली. त्याने पुन्हा उचलला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर सूर लागलाच नाही, नुसती हवा. तो लालेलाल झाला आणि पळाला तो मुलांच्या बाथरूममध्ये. आतून कडी.

बाई सरळ त्याच्या मागे आत शिरल्या. मी दाराशी उभी राहून इतर देशांच्या मुलांना हाताने परतवत होते.

"अर्को, दार उघड."

"आमार गला गेछे, मिस." माझा गळा गेला, तो आतून रडत म्हणत होता.

"गेला नाही, मोठा झाला. तुझ्या बाबांना मिशी आहे ना?"

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. मग, "आहे."

"ती फुटली तेव्हा ते बाथरूममध्ये कडी लावून बसले होते का?"

"बाबांना गायचं नव्हतं, मिस!"

बाई दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हो, ते खरं. बरं, ऐक. उद्या आलाप तूच घेणार आहेस."

"फाटला तर?"

"फाटला तर मी आहे की तिथे. माझं काम काय, नुसते हात हलवायचे?"

कडी निघाली. पण तोवर ऋद्धिमाने घरी मेसेज केला होता, घरच्यांनी पालकांच्या ग्रुपवर टाकला होता, आणि बाथरूममधून आम्ही बाहेर येतो न येतो तोच कोलकात्याहून प्रिन्सिपल मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. अर्कोला बसवा, ऋद्धिमाला उभं करा, शाळेच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. बाईंनी फोन हातभर लांब धरला. "हॅलो? हॅलो? मॅडम, यू आर ब्रेकिंग!" आणि बंद केला. आवाज इतका स्वच्छ येत होता की मॅडमच्या मागचा पंखासुद्धा ऐकू येत होता.

"बाई," मी म्हटलं, "त्या रागावतील. तुमचं कंत्राट वर्षावर्षाचं आहे."

"माहितीये."

"ऋद्धिमा बरी गाते हो."

"बरी काय, चांगली गाते. तिला उभं केलं तर उद्या बक्षीसही मिळेल." त्या तिथल्या बाकावर बसल्या. प्रथमच मला त्या दमलेल्या दिसल्या. "गणित, मी असे दोन मुलगे पाहिलेत. आवाज फुटला, ऐनवेळी खाली बसवलं. बसवणारी मीच. एक आता फ्लॅट विकतो, दुसरा कुठेसा मॅनेजर आहे. चांगले सुखात आहेत. पण लग्नाच्या पंगतीतसुद्धा तोंड उघडत नाहीत. मी विचारलं एकाला, तर म्हणाला, मिस, मला कुठे येतं गाता." मग उठून पदर झटकला. "चल, पोरं मोज."

स्पर्धेचं सभागृह भरलं होतं. आमची मुलं साध्या पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली. बाई प्रेक्षकांकडे पाठ करून उभ्या. अर्कोने आलाप उचलला. सुरुवात बरी झाली, मला वाटलं निभावलं. आणि नेमका वर जाताना फाटला. सभागृहात कुठेतरी दबका हशा झाला, वाईट नव्हता, पण हशाच. अर्को थांबला. त्याचे हात शरीराला चिकटले. बाकीची मुलं बाईंकडे पाहत राहिली.

बाई वळल्या. स्पर्धेत असं कुणी वळत नाही. त्यांनी घसा खाकरला आणि आपल्या इंग्रजीत म्हणाल्या, "लेडीज अँड जंटलमेन, हिज व्हॉइस इज अंडर ट्रान्सफर. ओल्ड हाउस व्हेकेटेड. न्यू क्वार्टर नॉट यट अलॉटेड. काइंडली अ‍ॅडजस्ट."

आयुष्यभर रेल्वेच्या क्वार्टरांतून सामान हलवलेल्या बाईचं ते इंग्रजी हंगेरियन दुभाषिणीला कितपत कळलं कोण जाणे. ती चांगलं लांबलचक काहीतरी बोलली. आणि सभागृह हसलं. हा हशा निराळा होता. समोरच्या रांगेतला, दुसऱ्या कुठल्या तरी वृंदाचा उंच, दाढीवाला शिक्षक उठून उभा राहिला आणि त्याने स्वतःच्या गळ्याला हात लावून अर्कोला सलाम ठोकला. अर्को हसला. रडताना हसतात तसा, पण हसला.

बाईंनी त्याच्याकडे वळून हलक्या आवाजात नवा 'सा' दिला, पहिल्यापेक्षा चांगला चार सूर खाली. "आता इथून."

मला गाण्यातलं कळत नाही, म्हणून जे झालं तेवढंच सांगते. तो खालून गायला. आवाज घोगरा, अनोळखी, त्याचा त्यालाच अनोळखी. दोनदा पुन्हा तडकला. दोन्ही वेळा तो थांबला नाही. बाकीच्यांनी नंतर यायचं होतं, पण ती मुलं आधीच येऊन मिळाली. बाईंनी खूण केली नव्हती, त्यांनी आपणहून केलं. सगळ्यांत आधी ऋद्धिमा आली. सूर बदलल्यामुळे ते त्यांना नीट पेलत नव्हतं, इकडेतिकडे सांडत होतं, तरी सगळ्यांनी मिळून ते पलीकडे नेलं. बाईंचे हात मला मागून दिसत होते. हलत नव्हते. नुसते समोर धरलेले होते, कुणी अंगावर पडलं तर झेलायला धरावेत तसे.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी निकालात आमचा उल्लेख 'धाडसी' असा केला. बाई म्हणाल्या, "म्हणजे वाईट." गावातल्या बायकांनी निघताना लाल तिखटाचे डबे दिले. ते बाईंनी मुलांकडून काढून घेतले, कारण बंगाल्यांच्या हाती ते वाया जाईल अशी त्यांची खात्री होती.

शाळेच्या अंकात चौकातल्या बुफेचा मोठा फोटो छापून आला. त्यात बाई नव्हत्या. आणि वर्ष संपताना त्यांना कळवण्यात आलं की संगीत विभागाची पुनर्रचना होत आहे.

"पुनर्रचना!" स्टाफरूममध्ये कपाटातला पसारा पिशवीत कोंबत त्या म्हणाल्या. "सरळ हाकललं म्हणाल्या असत्या तर मी त्यांना चहा पाजला असता."

मी प्रिन्सिपल मॅडमकडे गेले होते, चार शिक्षकांच्या सह्या घेऊन. बाईंना ते कळल्यावर त्या माझ्यावरच डाफरल्या. मला तिकडे गणित शिकवायला ठेवलंय, वकिली करायला नाही, म्हणे. पण त्या दिवशी त्यांनी मला घरी नेलं आणि स्वतःच्या हाताने हिलसाची आमटी वाढली. साहेब बाल्कनीत गेले.

पोरं काही थांबली नाहीत. रविवारी सकाळी बेहाल्याच्या त्या दोन खोल्यांत चपलांचा ढीग पडायला लागला. खालच्या मजल्यावरच्या चक्रवर्तीबाबूंनी आवाजाची तक्रार केली, तर बाईंनी त्यांनाच खालच्या पट्टीत उभं केलं. अर्कोला पुढे वर्षभर त्यांनी फारसं गाऊ दिलं नाही, नुसतं बसवून ऐकवलं. तो चिडायचा, भांडायचा, पण यायचा. आता तो कॉलेजात आहे. आवाज खर्जाचा झालाय. लोकांनी थांबून ऐकावा असा तो आवाज पुन्हा आला नाही, हे खरंच आहे. पण गातो. परवाच मुलीने मला त्याचा व्हिडिओ दाखवला, कुठल्याशा लग्नात, भर पंगतीत, हातात ताट घेऊन, मोकळ्या गळ्याने.

आमची बदली नागपूरला झाली. निघायच्या दिवशी बाई हावड्याला आल्या, मी येऊ नका म्हटलं असताना. गाडीला उशीर होता. त्या आमच्याच बॅगेवर बसल्या, माझ्या मुलीला झालमुडी खायला घातली, माझ्या नवऱ्याला बँकेच्या व्याजदरांवरून झापलं. गाडी लागली, सामान चढलं, तेव्हा उठल्या.

"बरं, जा आता. फोन कर. दुपारी करू नकोस, मी झोपते."

मी वाकायला गेले तर एक पाऊल मागे सरल्या. मग काय वाटलं कोण जाणे, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि गाडी हलायच्या आतच वळून चालू लागल्या.

मी खिडकीपाशी येऊन पाहिलं. शेजारच्या फलाटावर नुकतीच लोकल आली होती आणि माणसांचा लोंढा बाईंच्या अंगावर येत होता. त्या उलट दिशेने, कोपरं मारत, वाट काढत चालल्या होत्या. गर्दीत त्यांचं फक्त डोकं मधूनमधून दिसे. मध्येच त्या थांबल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा पुसला. डोक्यावर टोपली घेतलेल्या एका माणसाचा त्यांना धक्का लागला. बाईंनी चष्मा हातात धरूनच मान वर केली आणि त्याला काहीतरी सुनावलं. काय ते खिडकीच्या काचेतून ऐकू आलं नाही. पण तो माणूस टोपली सावरत तिथेच उभा राहिला, खो खो हसला, आणि एका हाताने मागची गर्दी अडवून त्याने त्यांना पुढे जाऊ दिलं.